झुबकी खार आणि सगुणामावशीची भाकरी

या रे या, बसा रे बसा. मांडीला मांडी लावून बसा. गोष्ट आहे छोटीशी, शेपूट तिची मोठीशी!

डोंगराखाली एक गाव होतं. गावात एक चर्च होतं. पांढऱ्या भिंती. लाल लाल कौलं. वर एक घंटा. अंगणात चिंचेचं झाड.

चिंचेच्या ढोलीत राहायची एक खार. तिचं नाव झुबकी.

झुबकी एवढीशी. शेपूट एवढी! मऊ मऊ, झुबकेदार.

चर्चच्या शेजारी एक घर होतं. घरात राहायची सगुणामावशी. एकटीच. मावशी रोज सकाळी चूल पेटवायची. रोज भाकरी थापायची. थप थप थप! पहिल्या भाकरीचा पहिला तुकडा खिडकीत ठेवायची. आणि हाक मारायची, "झुबके, ये गं!"

झुबकी यायची. तुर्र तुर्र तुर्र, शेपटी फुर्र! तुकडा दोन हातांत धरायची. कुटुर कुटुर खायची.

एक दिवस काय झालं? सकाळ झाली. ऊन आलं. हाक आली नाही.

झुबकी खिडकीत गेली. तुकडा नाही! इकडे बघितलं, नाही. तिकडे बघितलं, नाही. खिडकी रिकामी.

तिने आत डोकावलं. चूल थंड. तवा थंड. मावशी अंथरुणात. अंगावर जुनी चादर. मावशी कुडकुडत होती. हुडहुडहुड!

झुबकी म्हणाली, "मावशी, मावशी, माझा तुकडा कुठाय? चिक चिक!"

मावशी म्हणाली, "कुठून देऊ गं बाळा? मला ताप आला. कामाला गेले नाही. डब्यात पीठ नाही. पीठ नाही तर भाकरी नाही. भाकरी नाही तर तुकडा नाही."

झुबकीने डब्यात तोंड घातलं. खरंच की! डबा रिकामा. टुंग टुंग वाजला.

"थांब मावशी, मी पीठ आणते!"

आणि झुबकी निघाली. तुर्र तुर्र तुर्र, शेपटी फुर्र!

चर्चमध्ये गेली. तिथे होते पाळकबाबा. पाळकबाबा म्हणजे चर्चमध्ये प्रार्थना सांगणारे बाबा. पांढरा झगा, पांढरी दाढी. आज होता सुगीचा सण. शेतात पिकलं ते देवाच्या घरी आणायचा सण. पाळकबाबा दाराला उसाचं तोरण बांधत होते.

झुबकी म्हणाली,

"पाळकबाबा, पाळकबाबा, पीठ द्या हो पीठ!
पीठ मिळालं की भाकरी होईल,
भाकरी झाली की तुकडा मला! चिक चिक!"

पाळकबाबा म्हणाले, "नाही कोण म्हणतंय? पण माझं दळण अजून गिरणीत. आधी टोपली भरू दे, मग पीठ. जा, टोपलीला सांग."

झुबकी निघाली. तुर्र तुर्र तुर्र, शेपटी फुर्र!

चर्चमध्ये सगळ्यात पुढे एक टोपली होती. मोठी गोल वेताची टोपली. सणाला सगळे तिच्यात काही काही घालायचे. मग ज्याच्या घरी नसेल त्याच्या घरी ते जायचं.

झुबकी म्हणाली,

"टोपलीबाई, टोपलीबाई, भर गं भर!
टोपली भरली की पीठ मिळेल,
पीठ मिळालं की भाकरी होईल,
भाकरी झाली की तुकडा मला! चिक चिक!"

टोपली म्हणाली, करकर करकर, "नाही कोण म्हणतंय? पण मी एकटी कशी भरू? आधी माणसं येऊ देत, मग भरेन. आणि माणसं घंटेशिवाय येत नाहीत. जा, घंटेला सांग."

खरंच होतं ते. गावात सगळी माणसं तयार होती. नवे कपडे घातले होते. केसांना तेल लावलं होतं. पिशव्या भरून दारात ठेवल्या होत्या. आणि सगळी म्हणत होती, "घंटा वाजली की निघू. घंटा वाजली की निघू."

पण घंटा काही वाजत नव्हती!

झुबकी निघाली. तुर्र तुर्र तुर्र, शेपटी फुर्र! भिंतीवरून वर. कौलांवरून वर. अगदी घंटेपाशी.

"घंटाताई, घंटाताई, वाज गं वाज!
घंटा वाजली की माणसं येतील,
माणसं आली की टोपली भरेल,
टोपली भरली की पीठ मिळेल,
पीठ मिळालं की भाकरी होईल,
भाकरी झाली की तुकडा मला! चिक चिक!"

घंटा म्हणाली, टुण्ण, "नाही कोण म्हणतंय? पण माझी दोरी बघ. तुटली! काल वारा आला, आणि दोरी गेली. आधी दोरी दे, मग वाजते. जा, लाजरसकाकांना सांग."

झुबकी खाली आली. सुर्रकन! आणि निघाली. तुर्र तुर्र तुर्र, शेपटी फुर्र!

लाजरसकाका दोऱ्या वळायचे. गाईची दोरी, विहिरीची दोरी, पाळण्याची दोरी. ते अंगणात बसले होते. पुढ्यात दोरीच्या वाखाचा ढीग.

"लाजरसकाका, लाजरसकाका, दोरी द्या हो दोरी!
दोरी मिळाली की घंटा वाजेल,
घंटा वाजली की माणसं येतील,
माणसं आली की टोपली भरेल,
टोपली भरली की पीठ मिळेल,
पीठ मिळालं की भाकरी होईल,
भाकरी झाली की तुकडा मला! चिक चिक!"

लाजरसकाका म्हणाले, "नाही कोण म्हणतंय? पण दोरीला टोकं दोन. एक टोक मी धरलं. दुसरं कोण धरणार? तू? तू तर दोरीबरोबर गरगर फिरशील! आधी दुसरं टोक धरायला कुणी येऊ दे, मग दोरी. जा, एस्तेरकाकूला सांग."

झुबकी निघाली. तुर्र तुर्र तुर्र, शेपटी फुर्र!

एस्तेरकाकू दारात बसली होती. तिच्या मांडीवर बाळ. बाळ रडत होतं. ट्यां ट्यां ट्यां!

झुबकीने कान झाकले. मग सगुणामावशीच्या तापाचं सांगितलं, आणि जोरात म्हणाली,

"एस्तेरकाकू, एस्तेरकाकू, टोक धर गं टोक!
टोक धरलं की दोरी मिळेल,
दोरी मिळाली की घंटा वाजेल,
घंटा वाजली की माणसं येतील,
माणसं आली की टोपली भरेल,
टोपली भरली की पीठ मिळेल,
पीठ मिळालं की भाकरी होईल,
भाकरी झाली की तुकडा मला! चिक चिक!"

एस्तेरकाकू म्हणाली, "अगंबाई, सगुणामावशी आजारी? मला ठाऊकच नाही! टोक धरायला नाही कोण म्हणतंय? पण बाळ मला उठू देत नाही. त्याला हवाय खुळखुळा. आधी बाळ हसू दे, मग मी येते. जा, शलमोनआबांना सांग."

ट्यां ट्यां ट्यां!

झुबकी निघाली. तुर्र तुर्र तुर्र, शेपटी फुर्र!

शलमोनआबा फार म्हातारे. काठी टेकत चालायचे. पण हात मोठे हुशार. ते खुळखुळे करायचे. वाळका छोटा भोपळा घ्यायचे. त्याला दांडी लावायचे. लाल रंग द्यायचे. गावातलं प्रत्येक बाळ त्यांचाच खुळखुळा वाजवायचं.

"शलमोनआबा, शलमोनआबा, खुळखुळा द्या हो खुळखुळा!
खुळखुळा वाजला की बाळ हसेल,
बाळ हसलं की काकू टोक धरेल,
टोक धरलं की दोरी मिळेल,
दोरी मिळाली की घंटा वाजेल,
घंटा वाजली की माणसं येतील,
माणसं आली की टोपली भरेल,
टोपली भरली की पीठ मिळेल,
पीठ मिळालं की भाकरी होईल,
भाकरी झाली की तुकडा मला! चिक चिक!"

आबा म्हणाले, "काय? पुन्हा सांग. मला कमी ऐकू येतं."

अरे देवा! झुबकीने एक मोठा श्वास घेतला. आणि सगळं पुन्हा सांगितलं. सगळं! सांगता सांगता तिला धाप लागली. हुफ हुफ हुफ!

आबा हसले. त्यांनी एक लाल भोपळा उचलला. कानाशी हलवला. काहीच वाजलं नाही.

"नाही कोण म्हणतंय? पण बघ, आत काही नाही. रिकामा भोपळा वाजेल कसा? आधी चिंचोके आण, मग खुळखुळा. जा, चिंचेला सांग."

झुबकी निघाली. आता पाय दुखत होते. पोटात कावळे ओरडत होते. तुर्र... तुर्र... तुर्र... शेपटी... फुर्र.

आली चिंचेखाली.

"चिंचआजी, चिंचआजी, चिंचोके दे गं चिंचोके!
चिंचोके मिळाले की खुळखुळा वाजेल,
खुळखुळा वाजला की बाळ हसेल,
बाळ हसलं की काकू टोक धरेल,
टोक धरलं की दोरी मिळेल,
दोरी मिळाली की घंटा वाजेल,
घंटा वाजली की माणसं येतील,
माणसं आली की टोपली भरेल,
टोपली भरली की पीठ मिळेल,
पीठ मिळालं की भाकरी होईल,
भाकरी झाली की तुकडा मला! चिक चिक!"

चिंच हलली. सळसळ सळसळ.

"अगं वेडे, माझ्या चिंचा अजून हिरव्या आहेत. आत चिंचोके कोवळे. ते वाजायचे नाहीत. वाजणारे चिंचोके गेल्या वर्षीचे. ते सगळे कुणी नेले?"

"कुणी नेले?" झुबकीने विचारलं.

"तूच नेलेस! तुझ्याच ढोलीत आहेत."

झुबकीने ढोलीकडे बघितलं.

खरंच होते. ढोलीत होते. काळे काळे, गुळगुळीत चिंचोके. थंडीत खायला ठेवलेले. झुबकीने एकेक करून जमवलेले.

झुबकी म्हणाली, "नाही कोण म्हणतंय? पण आधी..."

आणि थांबली.

आधी कोण?

तिने इकडे बघितलं. कुणी नाही. तिने तिकडे बघितलं. कुणी नाही. आता कुणाकडे जायचंच नव्हतं. पाळकबाबा थांबले होते. टोपली थांबली होती. घंटा थांबली होती. काका थांबले होते, काकू थांबली होती, आबा थांबले होते. सगळे थांबले होते झुबकीसाठी!

झुबकी ढोलीत गेली. चिंचोक्यांवर बसली. छान वास येत होता. तिला भूक लागली होती.

मग तिला खिडकीतून दिसलं ते आठवलं. ती थंड चूल. ती जुनी चादर. आणि कुडकुडणारी मावशी. हुडहुडहुड.

झुबकी उठली. एक चिंचोका तोंडात धरला. आबांकडे गेली. टुप्! ठेवला. परत आली. दुसरा धरला. टुप्! ठेवला. जा, ये. जा, ये. टुप्! टुप्! टुप्!

शेवटी एकच उरला. तो होता सगळ्यात टपोरा. झुबकीने त्याचा वास घेतला. थोडा चाटला. पुन्हा एकदा चाटला.

आणि नेला. टुप्!

"शाब्बास गं पोरी!" आबा म्हणाले.

आणि मग काय झालं?

चिंचोके मिळाले. आबांनी ते भोपळ्यात घातले. भोक बंद केलं. दांडी लावली. खुळखुळ खुळखुळ! खुळखुळा वाजला.

आबा काठी टेकत स्वतः गेले. टक टक, टक टक. बाळाच्या पुढे खुळखुळा हलवला. खुळखुळ खुळखुळ! बाळ थांबलं. डोळे मोठे केले. आणि हसलं. खुदुखुदु खुदुखुदु!

बाळ हसलं. काकू उठली. बाळ दिलं आबांच्या मांडीवर. पदर खोचला. आणि धावत गेली. तिने दोरीचं टोक धरलं.

टोक धरलं. दोरी फिरली. गर्र गर्र गर्र! एकीकडे काका, एकीकडे काकू. लांबच लांब दोरी झाली.

दोरी मिळाली. लाजरसकाका शिडीवर चढले. घंटेला दोरी बांधली. पाळकबाबांनी ओढली. टण! टण! टण! घंटा वाजली.

घंटा वाजली. दारं उघडली. धाड धाड धाड! सगळी माणसं आली. लहान आली, मोठी आली. कुणी पायी आलं, कुणी बैलगाडीत आलं. एक कोंबडी कुणाच्या काखेत आली. कॉक कॉक कॉक!

माणसं आली. टोपली भरली. बाजरीचं पीठ आलं. गूळ आला. कांदे आले. शेंगा आल्या. अंडी आली. शलमोनआबांनी मोठ्ठा भोपळा ठेवला. एस्तेरकाकूने नवी गोधडी ठेवली. लाल, निळी, पिवळी. टोपली म्हणाली, करकर करकर, "पुरे आता, पुरे!"

मग दुसरी टोपली आणली. तीही भरली.

पाळकबाबांनी हात जोडले. सगळ्यांनी डोळे मिटले. झुबकीनेही मिटले.

"देवबापा, तू आम्हाला दिलंस. आम्ही एकमेकांना देतो. आमेन."

"आमेन!" सगळे म्हणाले.

"चिक!" झुबकी म्हणाली.

मग एस्तेरकाकूने पाळकबाबांना मावशीचं सांगितलं. पाळकबाबा म्हणाले, "सगुणामावशीला ताप आहे. ती कशी येणार टोपलीपाशी? चला, टोपलीच तिच्याकडे नेऊ!"

चला चला चला! एक टोपली उचलली लाजरसकाकांनी, दुसरी सगळ्यांनी मिळून. सगळे निघाले मावशीच्या घरी. सगळ्यांच्या पुढे कोण? झुबकी! तुर्र तुर्र तुर्र, शेपटी फुर्र!

मावशीने डोळे उघडले. घरात माणसंच माणसं!

"अगंबाई! एवढी सगळी कशाला आलात?"

"तुझ्यासाठी आलो," काकू म्हणाली. "माझं बाळ झालं तेव्हा तू माझ्याजवळ बसलीस. आता आम्ही तुझ्याजवळ बसणार."

तिने मावशीच्या अंगावर गोधडी घातली. लाल, निळी, पिवळी. काकांनी चूल पेटवली. फू फू फू! आबांनी तुळशीचा काढा आणला. गरम गरम. मावशीने घोट घेतला. सुर्र! दुसरा घोट घेतला. सुर्र! तिच्या गालांवर रंग आला.

मग मावशीने टोपल्या बघितल्या. एक बघितली. दुसरी बघितली.

ती म्हणाली, "एवढं मी एकटी खाऊ? छे छे! ओढ्याकाठी ऊसतोडीची माणसं आलीत. खोपटात राहतात. त्यांची पोरं पण आलीत. एक टोपली त्यांच्याकडे जाऊ दे."

"खरंच की!" पाळकबाबा म्हणाले. आणि त्यांनी दुसरी टोपली डोक्यावर घेतली. पांढरी दाढी, वर गोल टोपली! बाळ बघून पुन्हा हसलं. खुदुखुदु खुदुखुदु!

इकडे काकूने पीठ मळलं. आता थापायला बसणार, तर मावशी म्हणाली, "थांब गं. पहिली मी थापणार."

"अगं, ताप आहे ना तुला?"

"एकच थापते. मग निजते."

मावशी चुलीपाशी बसली. गोधडी पांघरूनच बसली. थप थप थप! भाकरी थापली. तव्यावर टाकली. उलटली. टम्म फुगली!

सगळे बघत होते. झुबकीही बघत होती. ती खिडकीत बसली होती. शेपूट हलत नव्हती. मिशा तेवढ्या हलत होत्या.

मावशीने भाकरी मोडली. वाफ आली. तिने पहिला तुकडा घेतला. फुंकर मारली. फू! फू!

आणि हाक मारली, "झुबके, ये गं!"

झुबकी आली. मावशीच्या मांडीवरच चढून बसली! तुकडा दोन हातांत धरला.

कुटुर कुटुर. कुटुर कुटुर. कुटुर कुटुर.

मावशीने तिच्या पाठीवरून बोट फिरवलं. हळूच. वरून खाली.

"गोड आहे का गं?"

झुबकी बोलणार कशी? तोंड भरलं होतं ना!

तुकडा गेला पोटात, गोष्ट राहिली ओठात.